कोंबडीची जखम वरून मिटते आणि आतून पुन्हा पू धरते : कारणे आणि घरी करण्याचे उपचार

पाळलेल्या कोंबडीला जखम होते, आपण ती धुतो, मलम लावतो, चार-सहा दिवसांत खपली धरते आणि कोंबडी पुन्हा दाणे टिपू लागते. जखम बरी झाली असे समजून आपण तिच्याकडे पाहणे थांबवतो. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच जागी सूज येते, हात लावला तर ती जागा गरम लागते, खपलीच्या कडेने पिवळट ओल दिसू लागते आणि उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागतात. असे एकदा झाले की बहुतेक लोक औषध बदलतात, आणखी जहाल औषध आणतात, आणि तरीही जखम तिसऱ्यांदा चिघळते. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा वेळी औषधाचा दोष सर्वांत शेवटी शोधावा. त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे जखमेतला जुना पू खरोखर बाहेर आला होता का, आणि दुसरी म्हणजे ज्या कारणाने जखम झाली ते कारण खुराड्यात अजून तसेच आहे का. पुन्हा पुन्हा चिघळणाऱ्या जखमांपैकी बहुतेकांचे मूळ या दोहोंपैकी एकात, आणि कित्येकदा दोहोंतही, सापडते.

कोंबडीचा पू वाहत का नाही

माणसाच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या जखमेतला पू पातळ असतो. तोंड मोकळे झाले की तो आपोआप वाहून जातो. पक्ष्यांमध्ये तसे होत नाही. जंतूंशी लढणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या पेशी आपल्या पेशींपेक्षा वेगळ्या असतात. आपल्या पेशींतील मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर त्यांच्यात नसल्यामुळे मेलेल्या पेशी विरघळून पातळ होत नाहीत, तर जागच्या जागी घट्ट होतात. म्हणून कोंबडीचा पू पिवळट-पांढरा, कोरडसर आणि चिमट्यात धरल्यावर चुरा होणारा असतो. शरीर त्या गोळ्याभोवती जाडसर आवरण तयार करते आणि तो आत अडकून राहतो.

याचे दोन परिणाम ध्यानात घ्यायला हवेत. गळू दाबून पू काढण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही, उलट दाबल्यामुळे आवरण आतल्या बाजूला फुटून संसर्ग आजूबाजूच्या मांसात पसरतो. शिवाय त्या घट्ट गोळ्यात रक्तवाहिन्या नसल्याने तोंडावाटे किंवा सुईने दिलेले प्रतिजैविक त्याच्या आतपर्यंत नीट पोहोचत नाही. औषध चालू असेपर्यंत भोवतालची सूज उतरते, कोंबडी तरतरीत दिसते, आणि औषध बंद केल्यावर गोळ्यातले जंतू पुन्हा वाढू लागतात. वरवर बरी होणारी जखम परत परत का उठते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते.

कोणत्या जखमा घरी हाताळू नयेत

उपचार सुरू करण्यापूर्वी ही जखम घरी हाताळण्याजोगी आहे का, हे ठरवावे. छाती, पोट किंवा बगलेजवळ खोल भोक असेल, तर त्यात पाणी सोडू नये. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात, आणि अशा जखमेतून सोडलेले पाणी थेट श्वसनमार्गात जाऊ शकते. श्वासाबरोबर जखमेत बुडबुडे येत असतील, किंवा भोवतालची कातडी फुगून बोटाखाली कुरकुरल्यासारखी लागत असेल, तर हवेची पिशवी फाटली असण्याची शक्यता धरावी आणि जखम फक्त स्वच्छ ओलसर गॉजने झाकून कोंबडीला पशुवैद्याकडे न्यावे. गळ्याच्या खालच्या भागातील जखमेतून दाणे किंवा प्यायलेले पाणी बाहेर येत असेल, तर अन्नपिशवी फाटलेली असते आणि ती शिवावीच लागते. हाड दिसत असेल, सांधा सुजलेला असेल, डोळ्याला इजा असेल, कुत्र्या-मांजराने धरलेले असेल किंवा कोंबडीने दिवसभर काही खाल्लेले नसेल, तरीही घरी वेळ घालवू नये. मांजराच्या दातांच्या जखमा वरून अगदी बारीक दिसतात, पण त्या खोल जातात आणि त्यांतून होणारा संसर्ग पक्ष्याला फार लवकर मारतो.

रक्तस्रावाबाबतही सावध राहावे. कोंबडीच्या वजनाच्या सुमारे ६ ते ८ टक्के रक्त तिच्या शरीरात असते, म्हणजे २ किलोच्या कोंबडीत ते दीडशे मिलीलिटरच्या आसपासच भरते. आपल्याला किरकोळ वाटणारे रक्त तिच्या दृष्टीने किरकोळ नसते. रक्त वाहत असेल तर धुणे-पुसणे बाजूला ठेवून स्वच्छ गॉज पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे.

कोंबडी धरणे आणि जखम उघडी करणे

अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, त्यामुळे संध्याकाळनंतर खुराड्यातून उचलणे सर्वांत सोपे जाते. तिला टॉवेलमध्ये पंखांसह गुंडाळावे आणि डोके सैलसर झाकावे, म्हणजे ती धडपडत नाही. मात्र छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो, आणि घट्ट धरलेली कोंबडी आवाजही न करता गुदमरू शकते. त्याच कारणाने तिला फार वेळ पाठीवर झोपवून ठेवू नये. चोच उघडी ठेवून ती धापा टाकू लागली, तर काम तिथेच थांबवून तिला मोकळे सोडावे. एकाने धरावे आणि दुसऱ्याने जखम पाहावी, हे उत्तम. हातमोजे घालावेत, कारण कोंबडीच्या जखमेत बहुधा सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू माणसाच्या कातडीलाही संसर्ग करतो, आणि तिच्या पायांना लागलेल्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या वेळी जवळ घेऊ नये.

जखमेभोवतीची पिसे कात्रीने कातडीलगत कापावीत, उपटू नयेत. कोंबडीची कातडी अतिशय पातळ असते आणि पीस ओढताना तिची फाट आणखी वाढते. नव्याने येणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्त असते. असे निळसर, जाड बुंध्याचे पीस कापले तर रक्त येते, म्हणून ते तसेच राहू द्यावे. पिसे कापल्यावर जखम सुरुवातीला वाटली होती त्याच्या दुप्पट निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. वरच्या पिसांना चिकटलेली वाळकी खपली पाहून आपण जखमेचा जो अंदाज बांधतो, त्यावर कधीच विसंबू नये.

धुण्याचे पाणी

जखम धुण्यासाठी साध्या मिठाच्या पाण्याइतके चांगले दुसरे काही नाही. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातले की ते शरीरातील द्रवांच्या जवळपास येते आणि झोंबत नाही. वजनकाटा नसेल तर अर्ध्या लिटरला चहाचा पाऊण सपाट चमचा हे प्रमाण पुरेसे जवळचे आहे. खपली घट्ट असेल तर या पाण्यात भिजवलेला गॉज तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. ती मऊ होऊन कडेने सुटू लागते आणि मग ओढावी लागत नाही. त्यानंतर सुई काढलेल्या २० मिलीलिटरच्या सिरिंजने जखमेवर पाणी सोडावे. धार हलकी पण सलग असावी, आणि पाणी जखमेत साचून न राहता खाली वाहून जाईल अशा बेताने कोंबडीला तिरपे धरावे. एक-दोन सिरिंजनी काम भागत नाही. बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावे.

चिघळलेल्या जखमेवर शेवटचा हात म्हणून पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन वापरता येते. बाजारात मिळणारे १० टक्क्यांचे द्रावण तसेच ओतू नये. त्याच्या एका भागात किमान दहा भाग पाणी मिसळावे, रंग फिकट चहासारखा दिसला पाहिजे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट मात्र जखमेत घालू नये. पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ होते आहे असे वाटते, पण तो जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशीही जाळतो. रोज पेरॉक्साइड ओतलेली जखम आठवडेच्या आठवडे तशीच राहते, आणि दोष मात्र कोंबडीच्या प्रतिकारशक्तीला दिला जातो.

आतला गोळा काढणे

हाच सगळ्या उपचाराचा गाभा आहे आणि यातच सर्वांत जास्त संयम लागतो. खपली मऊ होऊन सुटली की तिच्या खाली पिवळट, कोरडा गोळा दिसतो. बोथट टोकाच्या, उकळून घेतलेल्या चिमट्याने त्याची कड धरून तो हलवून पाहावा. पूर्ण तयार झालेला गोळा आवरणापासून सुटा असतो आणि हलक्या ओढीने अखंड किंवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतो. त्याच्या मागे गुलाबी, ओलसर, किंचित खरबरीत पोकळी राहते. तो ओढताना कातडी सोबत ताणली जात असेल, रक्त येत असेल किंवा कोंबडी जोरात झटका देत असेल, तर तो भाग अजून जिवंत मांसाला जोडलेला आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे. पुन्हा ओला गॉज ठेवून दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा. दोन-तीन दिवसांत थोडे थोडे करून निघालेला गोळा एका बैठकीत खरवडून काढलेल्या गोळ्यापेक्षा कितीतरी चांगला.

ब्लेडने कापण्याचे काम घरी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोंबडी वेदना लपवते आणि मुकाट बसून राहते म्हणून तिला दुखत नाही असा समज होतो, पण तिलाही आपल्यासारख्याच वेदना होतात. भूल न देता जिवंत मांस कापणे हा उपचार नव्हे. जिथे कापल्याशिवाय गोळा निघणार नाही, तिथे तो पशुवैद्यानेच काढला पाहिजे.

गोळा निघाल्यावर पोकळी पुन्हा धुवावी आणि तिचे तोंड लगेच मिटणार नाही याची काळजी घ्यावी. जखम तळापासून वर भरत यायला हवी. वरची कातडी आधी जुळली तर रिकाम्या पोकळीत पुन्हा पू साचतो. त्यासाठी मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेली गॉजची पट्टी पोकळीत सैलसर ठेवावी, तिचे टोक बाहेर दिसत राहू द्यावे आणि ती रोज बदलावी. गॉज दाबून भरू नये. पोकळी उथळ होत जाईल तशी पट्टी आपोआप छोटी लागू लागते. जखम भरत आहे की नाही हे पाहण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

हिरवा रंग पाहून घाबरू नये

जखमेच्या भोवती दोन-तीन दिवसांनी कातडी हिरवी दिसू लागली की जखम सडली असे समजून लोक हवालदिल होतात. बहुतेक वेळा ती सड नसते. मार लागलेल्या जागी कातडीखाली जे रक्त साकळते, ते माणसात निळे-जांभळे होऊन मग पिवळे पडते. पक्ष्यांत मात्र त्याचे बिलिव्हर्डिन नावाच्या हिरव्या द्रव्यात रूपांतर होते आणि पुढचा पिवळा टप्पा येत नाही. म्हणजे मऊ, कोमट आणि वास नसलेला हिरवा डाग हा साधा मुका मार असतो आणि काही दिवसांत आपोआप जातो. सडलेले मांस काळपट, थंड, कडक किंवा चिकट असते आणि त्याला न चुकता ओळखू येणारी दुर्गंधी असते. वास हा इथे डोळ्यांपेक्षा चांगला साक्षीदार आहे. पट्टी सोडताना आधी वास घ्यावा, मग जखम पाहावी.

काय लावावे आणि काय टाळावे

स्वच्छ झालेल्या जखमेला फार काही लावावे लागत नाही. सिल्व्हर सल्फाडायझिनच्या क्रीमचा पातळ थर किंवा जखमांसाठी निर्जंतुक केलेला मध पुरेसा होतो. मलमाचा जाड थर देऊ नये, कारण ते पिसांना लागते, कोंबडी चोचीने ते सर्वांगाला पसरवते आणि तेलकट झालेली पिसे तिची ऊब टिकवू शकत नाहीत. मलम विकत घेताना त्याचे घटक वाचावेत. बेन्झोकेन किंवा तत्सम बधिर करणारे औषध असलेले मलम पक्ष्यांना घातक ठरू शकते, स्टेरॉइड असलेले मलम जखम भरणे लांबवते, आणि झिंक ऑक्साइड असलेले मलम कोंबडीने टोचून खाल्ले तर जस्ताची विषबाधा होऊ शकते. टी ट्री तेलासारखी सुगंधी तेलेही वापरू नयेत.

पट्टी बांधण्याची गरज पायाला हमखास असते, इतर ठिकाणी क्वचित. पायाच्या पट्टीवर स्वतःलाच चिकटणारी ताणाची पट्टी गुंडाळताना ती न ताणता गुंडाळावी आणि दोन-तीन तासांनी बोटांची नखे पाहावीत. बोटे थंड किंवा सुजलेली लागली तर पट्टी ताबडतोब सोडावी. छातीभोवती पट्टी बांधू नये, ते श्वास कोंडण्यासारखेच आहे.

जखम कुठे आहे यावरून मूळ कारण शोधणे

इथपर्यंतचे सगळे नीट केले आणि कारण तसेच राहिले, तर जखम पुन्हा होणारच. कारण कुठे शोधायचे हे जखमेची जागाच सांगते.

तळव्यावरची जखम सर्वांत चिवट असते. तळव्याच्या मध्यभागी काळी, गोल खपली, तिच्याभोवती सूज आणि आत कुरुपासारखे मूळ धरलेला घट्ट गोळा, असे तिचे रूप असते. कोंबडी उंच दांडीवरून कडक जमिनीवर उडी मारते, जाळीवर किंवा सिमेंटवर दिवसभर उभी राहते, ओल्या भुशात तिचे तळवे सतत भिजून मऊ पडतात, किंवा तिचे वजन जास्त असते. यांपैकी कोणत्याही कारणाने तळव्याची कातडी झिजते आणि जंतू आत शिरतात. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले तर कातडी आधीच कमकुवत झालेली असते, आणि केवळ दाण्यावर वाढणाऱ्या, हिरवा पाला न मिळणाऱ्या कोंबड्यांत हे सहज घडते. वाढलेली नखेही पायाचा तोल बदलून तळव्यावरचा भार चुकीच्या जागी आणतात.

तळव्याच्या जखमेसाठी १ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून त्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. खपली मऊ होते. ते पाणी कोंबडीला पिऊ देऊ नये, त्याने जुलाब होतात. खपली उचलल्यावर गोळा सोबत आला तर उत्तम, पण आत खोल जाऊ नये. तळव्याच्या कातडीखाली लगेच बोटे हलवणारे स्नायूबंध आणि रक्तवाहिन्या असतात, आणि तिथे चुकीचा छेद गेला तर बोट कायमचे निकामी होते. छोटी, थंड, न दुखणारी गाठ असेल आणि कोंबडी लंगडत नसेल, तर ती उघडूच नये, असे माझे मत आहे. पायाला मऊ पट्टी बांधून जमिनीवर जाड कोरडा भुसा टाकल्यास अशा गाठी अनेकदा आपोआप विरतात. सूज बोटांच्या मध्ये किंवा घोट्याकडे चढत असेल तर मात्र संसर्ग स्नायूबंधापर्यंत गेला आहे, आणि ते काम घरचे राहिलेले नाही.

दुसरा पाय रोज पाहायला विसरू नये. दुखरा पाय उचलून धरल्याने सगळा भार चांगल्या पायावर येतो आणि काही आठवड्यांत त्याच्याही तळव्यावर तशीच खपली धरते. यामुळेही ‘जखम परत आली’ असे वाटते. खरे तर ती दुसरी, नवी जखम असते. दांडी जमिनीपासून आपल्या गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर ठेवू नये, ती चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि कडा गोल केलेली असावी, खाली ८ ते १० सेंटिमीटर भुसा असावा आणि तो ओला झाला की बदलावा. तळव्याच्या जखमेत औषधापेक्षा या बदलांचा वाटा मोठा असतो.

पाठीवर किंवा पंखाखाली बगलेत लांबट फाटलेली जखम असेल, तर बहुधा कोंबडा कारणीभूत असतो. तो पाठीवर चढताना त्याच्या नखांनी आणि पायामागच्या टोकदार काट्याने कोंबडीची कातडी फाटते. आधी पिसे तुटतात, मग उघडी पाठ सोलवटते. पंखाखालची फाट बंद पंखामुळे दिसत नाही आणि चिघळल्यावरच कळते, म्हणून कोंबडी नुसती मलूल दिसली तरी दोन्ही पंख उचलून पाहावेत. जखम भरून पिसे येईपर्यंत कोंबड्याला वेगळे ठेवावे. बुंध्यासह गळलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा उगवते, पण मधून तुटलेल्या पिसाचा बुंधा कातडीतच राहतो आणि पुढच्या पिसगळतीपर्यंत नवे पीस येत नाही. तोपर्यंत पाठीवर कापडी आच्छादन बांधणे शहाणपणाचे. काट्याचे फक्त टोक कानशीने बोथट करावे, त्याच्या आत रक्तवाहिनी असलेले हाड असते. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्यांपेक्षा कमी असतील तर हा त्रास पुन्हा पुन्हा होत राहतो.

शेपटीखाली, अंडे येते त्या जागेभोवती जखम असेल तर इतर कोंबड्या टोचत आहेत का हे पाहावे, आणि रात्री विजेरी घेऊन किडे तपासावेत. लाल माइट दिवसा दांड्यांच्या सांध्यांत आणि भेगांत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. कोंबडीच्या अंगावरच राहणारे दुसऱ्या जातीचे माइट शेपटीखाली काळपट, मळकट थर करतात. कोंबडी खाजवून जखम करते, इतर कोंबड्या लाल रंग पाहून तिथे टोचतात, आणि कितीही मलम लावले तरी जखम मिटत नाही.

तुऱ्यावरच्या जखमा सहसा लवकर भरतात. तिथे वारंवार उठणाऱ्या चामखिळीसारख्या, काळ्या खपल्या असतील तर ती जखम नसून देवी हा विषाणूजन्य रोग असण्याची शक्यता असते. त्या खपल्या काढू नयेत, खाली फक्त रक्त येते आणि विषाणू इतर कोंबड्यांत पसरतो.

जखमेत किडे पडणे

उबदार दिवसांत माशीने जखमेवर किंवा विष्ठेने चिकटलेल्या पिसांत घातलेली अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. सकाळी स्वच्छ दिसलेल्या जखमेत दुसऱ्या दिवशी अळ्या दिसल्या तर आश्चर्य मानू नये. मिठाच्या कोमट पाण्याने धुवत राहिल्यास अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकेक काढाव्यात आणि तीन-चार तासांनी पुन्हा पाहावे, कारण खोलवर गेलेल्या अळ्या उशिरा बाहेर येतात. फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक जखमेत ओतू नये, ते उघड्या मांसातून थेट रक्तात जाते. उपचार सुरू असेपर्यंत कोंबडीला बारीक जाळी लावलेल्या जागेतच ठेवावे. अळ्यांनी कातडीखाली बोगदे केले असतील तर एक दिवसही थांबू नये.

वेगळे ठेवणे, आहार आणि रोजची नोंद

जखमी कोंबडीला इतरांपासून वेगळे ठेवणे अटळ आहे, मात्र शक्यतो जाळीच्या पलीकडे, जिथून तिला तिची सोबत दिसेल. नजरेआड ठेवलेली कोंबडी खाणे सोडते, आणि पुन्हा कळपात आल्यावर तिला परकी समजून इतर कोंबड्या टोचतात. खाली भुशाऐवजी स्वच्छ टॉवेल किंवा कागद पसरावा, धुळीत लोळू देऊ नये, दांडी काढून टाकावी आणि खाणे-पाणी चोचीच्या टप्प्यात ठेवावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि ते टिकवायला आजारपणात तिला फार शक्ती लागते, म्हणून जागा उबदार पण हवेशीर असावी. नेहमीचे अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्यच द्यावे. खात नसेल तर तेच कोमट पाण्यात भिजवावे, वर थोडे उकडलेले अंडे कुस्करावे.

रोज सकाळी खाण्याआधी वजन करावे आणि जखमेशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक जाणवत नाही, छायाचित्रांत तो लगेच दिसतो. वजन एक दशांशाने घटले, विष्ठा गडद हिरवी आणि कमी झाली, तुरा फिका किंवा जांभळा पडला, किंवा पिसे फुगवून शेपटी खाली टाकून ती कोपऱ्यात बसू लागली, तर जखम कशीही दिसत असली तरी संसर्ग शरीरात पसरत असल्याचे मानावे.

प्रतिजैविके, वेदनाशामके आणि अंडी

घरात उरलेल्या माणसांच्या प्रतिजैविकाची गोळी फोडून देणे हा उपाय नव्हे. मात्रा चुकते, जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतात, आणि पुढे पशुवैद्याने दिलेले योग्य औषधही लागू पडत नाही. प्रतिजैविक लागणारच असेल तर गोळा काढल्यानंतर सुरू करावे आणि सांगितलेले सगळे दिवस द्यावे. वेदनाशामकांबाबत अधिकच सावध राहावे. डायक्लोफिनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहे, दक्षिण आशियातील गिधाडे त्यानेच मोठ्या संख्येने मेली. कोंबडीला वेदना होत असतील तर पशुवैद्य मेलोक्सिकॅमसारखे पक्ष्यांना चालणारे औषध मात्रेसह लिहून देतात. कोणतेही औषध घेताना अंडी किती दिवस खाऊ नयेत हे विचारून तारीख लिहून ठेवावी, कारण बहुतेक औषधांचा अंश अंड्यात उतरतो. काही औषधे अंडी देणाऱ्या कोंबडीला द्यायचीच नसतात.

सगळे करूनही तिसऱ्यांदा पू धरला तर

आत काहीतरी राहिले आहे असे समजावे. काटा, काचेचा बारीक तुकडा, तुटलेल्या पिसाचा बुंधा किंवा संसर्ग झालेले हाड आत असेपर्यंत जखम मिटत नाही, आणि ते हाताने चाचपून कळत नाही. अशा वेळी क्ष-किरण छायाचित्र काढून घ्यावे आणि जखमेच्या खोल भागातील नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणता जंतू आहे व त्यावर कोणते औषध चालते, याची तपासणी करून घ्यावी. हा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो, त्यामुळे जाण्याआधी दोन दिवस स्वतःहून काही देऊ नये. आतापर्यंत वापरलेल्या औषधांच्या बाटल्या, रोजची छायाचित्रे आणि वजनाची नोंद सोबत न्यावी, आणि कोंबडी अंडी देत आहे का, हेही सुरुवातीलाच सांगावे.